पाटी आधी, अंडी मागाहून

आमच्याकडे कोंबड्या आल्या त्या काटकसर म्हणून. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की आम्हाला पैसा जड झाला होता.

घरात आम्ही चौघं: सासूबाई, आमची पोरगी आणि आम्ही दोघं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. माझे यजमान पाट्या रंगवतात, म्हणजे रंगवायचे. त्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणते आणि लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर मीही मनातल्या मनात पेंटरच म्हणते. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, 'येथे वाहने उभी करू नयेत', सगळं त्यांच्या हातचं. मग छापील पाट्या आल्या. रात्री फोनवरून मजकूर पाठवायचा आणि सकाळी खिळे ठोकायचे. सात महिने झाले, पेंटरांकडे एक काम आलं नव्हतं. तरी ते रोज ब्रश धुवायचे, न वापरलेले, आणि खिडकीत वाळत ठेवायचे. ते बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी चिडते, असा माझा स्वभाव आहे.

शेवटी मी आमच्या दुकानाच्या मालकांकडे शब्द टाकला. त्यांच्या ओळखीच्या एका गोदामावर गेटवर उभं राहायला माणूस हवा होता. दिवसपाळी, गणवेश, महिन्याच्या महिन्याला पगार. जागा रिकामी व्हायला दोन महिने अवकाश होता.

"बघू," पेंटर म्हणाले.

"बघू नाही. हो म्हणा."

"दोन महिने दे मला. घरचा खर्च कमी करून दाखवतो आणि चार पैसे मिळवूनही दाखवतो. नाहीच जमलं तर ब्रश बांधून माळ्यावर टाकतो आणि जातो तुझ्या गेटवर."

माझ्या गेटवर म्हणे. जसं काही ते गोदाम माझ्या माहेरचं होतं. पण मी कबूल झाले. त्या आठवड्यात अंडी महागली होती, आणि पेंटरांना वाटलं की देवाने खूण केली. तिसऱ्या दिवशी ते सहा कोंबड्या घेऊन घरी आले. विकणाऱ्याने सांगितलं होतं, आज-उद्या अंड्यावर येतील.

सासूबाईंनी कोंबड्यांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. त्यांच्या माहेरी कोंबड्या होत्या, त्यांना त्यातलं सगळं कळतं. पण त्यांची एक पद्धत आहे. चूक होऊन पुरती वाळली की मगच त्या बोलतात.

खुराडं पेंटरांनी एका दुपारात ठोकलं. जुन्या कपाटाच्या फळ्या, वर पत्रा, पुढे जाळी. दार लागत नव्हतं, ते त्यांनी माझ्या परकराच्या नाडीने बांधलं. मी म्हटलं, निदान कडी तरी आणा. म्हणाले, कडीचं बघू, आधी महत्त्वाचं काम आहे. महत्त्वाचं काम म्हणजे पाटी.

ती पाटी करायला पेंटरांना नऊ दिवस लागले. चार फूट लांब पत्रा, त्याला घासणं, त्यावर अस्तराचा हात, मग पिवळा रंग, तो वाळेपर्यंत घरात कोणी पंखा लावायचा नाही. पिवळ्यावर लाल अक्षरं, अक्षरांना काळी सावली: 'घरची ताजी अंडी'. खाली बारीक अक्षरांत 'बाजारभावापेक्षा स्वस्त'. कोपऱ्यात एक कोंबडी, इतकी गुबगुबीत की तशी आमच्याकडे आजतागायत झालेली नाही. दाणे घालायला भांडं नव्हतं, माझी परात गेली. पाण्याला माझं पातेलं गेलं. आणि रंगाचे तीन नवे डबे आले.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," सासूबाई म्हणाल्या. ही म्हण ज्याने केली तो आमच्या घरी येऊन गेला असावा.

खोटं कशाला बोलू, पाटी देखणी झाली होती. आणि त्या नऊ दिवसांत पेंटर गुणगुणत होते. जेवताना पोरीला सांगत होते की 'ड' पोटात किती घ्यायचा आणि सावली कुठल्या बाजूला टाकायची. सात महिन्यांत मी त्यांचं बोटभर हसू पाहिलं नव्हतं. म्हणून मी तोंड दाबून बसले, आणि तिथेच चुकले. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी ती पाटी फाटकावर लावली आणि अर्ध्या तासात समोरच्या नर्सबाई पिशवी घेऊन हजर.

नर्सबाई निवृत्त झाल्या आहेत, पण सगळ्या गल्लीला अजूनही वॉर्ड समजतात. "पेंटर, सहा द्या," त्या म्हणाल्या.

पेंटर एकदा पाटीकडे आणि एकदा खुराड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या."

मी आत जाऊन सासूबाईंना विचारलं, "आई, ह्या कोंबड्या नेमक्या कधी घालणार?"

"त्यांचे तुरे बघ की. कसे फिके आहेत. लाल व्हायला अजून दीड-दोन महिने तरी."

"हे आणल्या त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं?"

मी बाहेर आले आणि म्हटलं, "अहो, पाटी काढा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं झालंय आपलं. लोक खोटारडे म्हणतील."

"पाटी खोटी नाही," पेंटर म्हणाले. "थोडी आगाऊ आहे."

चार दिवस गेले. 'उद्या' चार वेळा झालं. पाचव्या दिवशी नर्सबाई रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहून शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाटी रंगवली म्हणून अंडी होतात का? छापवाले निदान खरं तरी छापतात."

पेंटरांनी ते ऐकलं. आत येऊन ते खुर्चीवर बसले. चहा समोर ठेवला, त्याला हात लावला नाही. गुडघ्यावर पालथे हात ठेवून बसायची ती एक पद्धत, सात महिने मी तीच बघत आले होते. मला नर्सबाईंचा राग आला, पेंटरांचा आला, कोंबड्यांचा तर आलाच. एवढा राग घेऊन मी कामावर गेले आणि येताना आमच्या दुकानासमोरच्या किराणावाल्याकडून एक डझन अंडी घेऊन आले.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. औषधांच्या दुकानात मला गिऱ्हाइकं तारीखवाली बाई म्हणतात. गोळ्यांची पट्टी देताना मी तारीख मोठ्याने वाचून दाखवते. एक दिवस उलटला असला तरी विकत नाही. मालकांशी यावरून तीन वेळा भांडले आहे. आणि त्या संध्याकाळी मी न्हाणीघराचं दार लावून, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन, अंड्यांवरचे तारखांचे लाल शिक्के पुसत बसले होते. स्पिरिटची बाटली विकत आणली होती, दुकानातून उचलली नव्हती. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात उरला होता.

सकाळी पेंटर उठायच्या आत मी दाराची नाडी सोडून खुराड्यात सहा अंडी ठेवली. कोंबड्या बाजूला सरकून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यासमोर मला लाज वाटली, हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

पेंटरांनी अंडी पाहिली तेव्हा ते ओरडले नाहीत. टोपीत भरून आत आणली आणि टेबलावर एकेक मांडली. "बघ," एवढंच म्हणाले. पोरगी शाळेसारखी कोंबड्यांची हजेरी घेत असे. तिने सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले. सासूबाईंनी अंडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"फिक्या तुऱ्याला अंडं," त्या म्हणाल्या. "नवलच की." आणि भाजी निवडायला लागल्या. त्या दिवसापासून त्या मला पेंटरांच्या आधी, हाक न मारता उठवायला लागल्या, फक्त पायाला हात लावून.

मी ठरवलं होतं की दोन-चार दिवस करायचं, मग कोंबड्यांना नजर लागली म्हणून बंद. पण पेंटरांना गप्प बसवेल तर शपथ. नर्सबाईंना सहा दिली, वर रोज सहा द्यायचा शब्द दिला. नर्सबाईंच्या बहिणीला रविवारची कबूल केली. कोणी विचारलं, एवढी कशी घालतात, तर म्हणायचे, रंगाचा परिणाम. खुराडं आतून त्यांनी फिकट पिवळं रंगवलं होतं ना. कोंबडीला प्रसन्न वाटलं पाहिजे म्हणे. अंडी चांगली येतात म्हणून दाणे महागातले आणायला लागले. मी बाजारभावाने घ्यायची, ते बाजारभावापेक्षा स्वस्त विकायचे, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं आणि पाटीवर लिहिलेलं खोटं ठरू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"अहो, एखादा दिवस नाही म्हणा की," मी म्हणायची. "पाटी काढा. माझ्या डोक्याला ताप झालाय त्या पाटीचा."

"चाललंय ना," ते म्हणायचे. "गेटवाल्यांना कळवून टाक, दुसरा माणूस बघा म्हणावं."

मी काही कळवलं नाही. ते रोज कोंबड्यांशी बोलायचे, ब्रश धुवायचे आणि फाटकाजवळ उभे राहून बाहीने पाटी पुसायचे. कोणी थांबून वाचली तर दोन पावलं मागे सरकायचे, वाचणाऱ्याला नीट दिसावी म्हणून. सहा आठवडे मी न्हाणीघरात अंडी पुसली. हाताचा वास जाईना. नाकी नऊ आले होते, पण ते खुर्चीवर पालथे हात ठेवून बसत नव्हते.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. एका रविवारी सकाळी नर्सबाई आल्या. पेंटर फाटकापाशीच होते, मी पायरीवर. नर्सबाईंनी पिशवीतून एक अंडं काढून पेंटरांच्या हातात दिलं.

"हे बदलून द्या. तारीख उलटली आहे."

पेंटरांनी अंडं डोळ्यांजवळ नेलं. एका बाजूला अर्धा शिक्का राहिला होता, फिकट लाल. घाईत माझ्या हातून सुटला असणार. दुसऱ्या कोणी निदान काय आहे असं विचारलं असतं. पण अक्षरं म्हटली की पेंटरांना विचारायला लागत नाही.

"रबरी शिक्का आहे," ते सावकाश म्हणाले. "शाई पुसलेली आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्यासारखीला खोटं सुचत नाही, सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी सरळ सांगून टाकलं. "दुकानातली आहेत. पहिल्या दिवसापासून. मीच ठेवायची."

नर्सबाई शांतच. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं वॉर्डात काढली मी. स्पिरिटचा वास मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग घेत कशाला राहिलात?" मी विचारलं.

"बाजारापेक्षा स्वस्त होती ना." त्यांनी बोट वर करून पाटी दाखवली. "आता हे बदलून द्या. तुम्हीच म्हणता ना दुकानात, तारीख उलटली की वापरू नका म्हणून."

मी आतून चांगलं अंडं आणून दिलं. त्यांनी ते उन्हात धरून चारी बाजूंनी तपासलं आणि गेल्या. सहा आठवडे मी पदरमोड करून त्यांना आणि त्यांच्या बहिणीला पोसलं होतं, आणि वर तारीख उलटलेला माल विकणारी मीच ठरले होते.

पेंटर अजून तिथेच उभे होते. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर मला भांडता आलं असतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाटी काढली असती."

"तू तर रोज काढाच म्हणत होतीस."

"म्हणत होते," मी म्हटलं.

त्यांनी घरातून पकड आणली, चारही खिळे उपसले आणि पाटी आत आणून भिंतीकडे तोंड करून ठेवली. एवढ्या हळू ठेवली की आवाज झाला नाही. ब्रश फडक्यात बांधले, वर सुतळी गुंडाळली, आणि स्टूल घेऊन माळ्यावर टाकले. खाली उतरल्यावर म्हणाले, "एक तारखेला किती वाजता जायचंय?"

दोन महिने मी याच एका वाक्यासाठी डोकं फोडलं होतं. ते मिळालं, आणि मला त्या न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच आठवड्यात कोंबड्यांनी अंडी घालायला सुरुवात केली. आधी एक, मग दोन, मग चार. लहानशी होती आणि फिक्या बदामी रंगाची. सासूबाईंनी ती पदरात घालून आणली आणि म्हणाल्या, "तुरे लाल झाले. मी म्हटलं होतं दीड-दोन महिने." पोरीने हजेरी कधीच बंद केली होती.

"आता तर खरी आहेत," मी पेंटरांना म्हटलं. "लावा की पाटी. मी स्वतः खिळे ठोकते."

"नको."

"अहो, चांगली पाटी आहे. पडून खराब होईल."

"चार अंड्यांना कसली पाटी. घरात खाऊ." आणि त्यांनी आपल्या कोंबडीचं पहिलं अंडं उकडून खाल्लं आणि म्हणाले, "बरं आहे." त्या माणसाला गुणगुणताना ऐकलं नसतं तर ते 'बरं आहे' मला चाललं असतं.

मी माळ्यावर चढून ब्रश काढून आणले आणि खिडकीत ठेवले. संध्याकाळी ते पुन्हा माळ्यावर. तीन वेळा झालं. चौथ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, शिडी लावून ठेव, दोघांची सोय होईल." मी त्यांच्यावरही चिडले.

एक तारखेला ते गणवेश घालून निघाले. सदरा खांद्यात मोठा होता. मी म्हटलं, आत घेऊन देते. म्हणाले, उभंच तर राहायचंय. डबा दिला. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मान वळवली नाही, आणि मी कामावर जाईपर्यंत खिळ्यांच्या जागेकडे बघणार नाही असं ठरवून बघत राहिले. त्या दिवशी दुकानात मी एका आजोबांना पट्टी दिली आणि तारीख वाचून दाखवायची विसरले. त्यांनीच विचारलं, "आज बरं नाही का?"

साडेअकराला मालकांना फोन आला. ते आतल्या खोलीत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की फोन गोदामाचा आहे. त्यांनी गिऱ्हाइक जाईपर्यंत धीर धरला.

"ताई, तुमचे मिस्टर काय माणूस आहेत हो?"

"काय झालं?"

"त्यांना वही दिली होती. गाडी आली की नंबर लिहायचा, वेळ लिहायची, गेट लावायचं. एवढंच काम. दोन ट्रक आत गेले, एक बाहेर गेला, वहीत एका अक्षराची नोंद नाही. मॅनेजर बघायला गेला तर गेट सताड उघडं, आणि हे शिडीवर." मालकांनी चष्मा काढला. "तिथे 'विनापरवाना प्रवेश बंद' म्हणून कोणीतरी कधीकाळी खरडलेलं होतं. वाकडंतिकडं. ह्यांना म्हणे ते बघवेना. आतल्या शेडमधून कुठून तरी रंग मिळवला, ब्रश नव्हता तर झाडूच्या काड्या बांधून ब्रश केला, आणि सकाळी आठपासून रंगवतायत. मॅनेजर खालून ओरडतोय, तर हे म्हणतात, सावली राहिली आहे, दहा मिनिटं थांबा. मी माझा शब्द टाकला होता, ताई. आता मी त्या लोकांना काय तोंड दाखवू?"

बरोबर होतं त्यांचं. माफी मागायला हवी होती, आणि मागायचीच म्हणून मी तोंड उघडलं. नोकरी पहिल्याच दिवशी गेली असणार, पुढच्या महिन्याचं काय करायचं ते आता पुन्हा मलाच बघायला लागणार, मालकांना वर्षभर खाली मान घालून बोलायला लागणार, हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं, आणि पेंटरांचा असा संताप आला होता की ते समोर असते तर मी काउंटरवरच्या खोकल्याच्या बाटल्या फेकून मारल्या असत्या.

"अक्षरं कशी आली आहेत?" मी विचारलं.

"काय?"

"अक्षरं. मॅनेजर काही म्हणाले का? रस्त्यावरून वाचता येतात?"

मालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मी काउंटरची किल्ली त्यांच्या हातात दिली, अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि ती अक्षरं बघायला गेले.